धावपट्टीविना प्रवासी जेट : न बांधलेले आराखडे आणि तंजावूरची धावपट्टी

धावपट्टीवर न धावता जागच्या जागी सरळ वर चढणारे, जेटच्या वेगाने काहीशे किलोमीटर कापून पुन्हा तसेच सरळ खाली उतरणारे प्रवासी विमान १९५० ते १९७३ या काळात युरोपात अनेकदा रेखाटले गेले. शंभर प्रवाशांच्या विमानांचे तपशीलवार आराखडे झाले, त्यांच्या प्रतिकृतींवर वातबोगद्यात चाचण्या झाल्या, इंजिनांची गणिते मांडली गेली. प्रवाशांसाठी यातले एकही विमान बांधले गेले नाही. या वाटेवर सर्वांत पुढे गेलेल्या दोन कंपन्या म्हणजे ब्रिटनची हॉकर सिडली आणि जर्मनीची डॉर्नियर. दोघींचाही भारताशी जवळचा संबंध आला, पण तो उभ्या उड्डाणाच्या प्रवासी जेटमुळे नव्हे. कानपूरच्या कारखान्यात परवान्याने तयार झालेली त्यांची साधी पंख्याची विमाने भारतातल्या लहान शहरांना मिळाली. कावेरीच्या मुखप्रदेशातील तंजावूर हे अशा शहरांपैकी एक. उभ्या उड्डाणाच्या आराखड्यांमागे जे गृहीतक होते, त्याची प्रत्यक्ष परीक्षा या शहराच्या हवाई इतिहासात झालेली दिसते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत प्रवासी विमानाला हजार-बाराशे मीटरची पट्टी पुरत असे. डकोटा तर गवताळ मैदानावरही उतरे. जेट विमाने आल्यावर हा हिशेब पार बदलला. बोइंग ७०७ सारख्या विमानाला पूर्ण भार घेऊन उडण्यासाठी तीन किलोमीटरच्या आसपास लांबीची पक्की धावपट्टी लागू लागली. एवढी जागा शहरात मिळेना, म्हणून विमानतळ शहराबाहेर सरकले. लंडनहून पॅरिसला जाणारा प्रवासी हवेत तासभरच असे, पण घरापासून विमानापर्यंत आणि विमानापासून मुक्कामापर्यंत त्याचा त्याहून जास्त वेळ जाऊ लागला. वेग वाढवून हा वेळ वाचणार नव्हता. विमानच शहराच्या मध्यभागी, रेल्वे यार्डांवर किंवा नदीकाठच्या जुन्या गोद्यांवर उतरवता आले, तर मात्र तो वाचला असता. नागरी आराखड्यांचे मूळ या विचारात आहे. लष्कराची चिंता वेगळी होती. अण्वस्त्रांच्या पहिल्याच हल्ल्यात सर्व धावपट्ट्या उद्ध्वस्त झाल्या, तर उरलेली विमाने उडणार कुठून, हा नाटोपुढचा प्रश्न होता. पैसा आला तो मुख्यतः या दुसऱ्या चिंतेपोटी, आणि नागरी आराखडे लष्करी संशोधनाच्या आधाराने वाढले. पुढे हा आधार सुटला तेव्हा तेही कोसळले.

या विचाराचा पहिला मोठा पुरस्कर्ता म्हणजे रोल्स-रॉइसचे शास्त्रज्ञ ॲलन अर्नोल्ड ग्रिफिथ (१८९३–१९६३). पदार्थांना भेगा का पडतात यावरील १९२० च्या निबंधामुळे त्यांचे नाव आजही अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. जेट इंजिनांच्या क्षेत्रात त्यांनी मांडलेली कल्पना अशी : विमान पुढे नेणारी इंजिने वेगळी ठेवावीत आणि वर उचलण्यासाठी लहान, अत्यंत हलकी अशी स्वतंत्र इंजिने पोटात उभी बसवावीत. स्वनातीत वेगाच्या त्रिकोणी पंखांच्या प्रवासी विमानाचे रेखाटनही त्यांनी केले होते. त्याच्या अंगात अशी उचल-इंजिने ओळीने बसवायची होती.

जेटच्या झोतावर यंत्र अधांतरी स्थिर राहू शकते का, हे आधी पाहणे भाग होते. त्यासाठी रोल्स-रॉइसने एक सांगाडा बनवला. त्याला ना पंख होते ना शेपूट ना धड. चार पायांच्या लोखंडी चौकटीत दोन नीन जेट इंजिने समोरासमोर आडवी ठेवली होती आणि त्यांचे झोत नळ्यांनी वळवून खाली सोडले होते. वैमानिक या सगळ्याच्या वर, उघड्यावर बसे. तोल सांभाळण्यासाठी चौकटीतून बाहेर आलेल्या हातांच्या टोकांना हवेचे लहान झोत होते. वेग नसताना पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या सुकाणूंचा काहीच उपयोग नसतो, म्हणून ही सोय. लोकांनी याला ‘उडती खाट’ म्हटले. ३ ऑगस्ट १९५४ रोजी हकनॉल येथे रोनाल्ड शेफर्ड यांनी ती दोराविना मोकळी उडवली. जमिनीपासून थोड्याच उंचीवरचे ते उड्डाण होते, पण जेटच्या झोतावर माणूस अधांतरी राहू शकतो हे त्यातून सिद्ध झाले.

त्यानंतर बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्सने एससी-१ हे छोटे प्रायोगिक विमान बांधले. त्याच्या मध्यभागी आरबी-१०८ जातीची चार उचल-इंजिने उभी होती आणि पाचवे शेपटीकडे, पुढे नेण्यासाठी. एप्रिल १९६० मध्ये या विमानाने उभ्या स्थितीतून आडव्या उड्डाणात जाण्याचे अवघड स्थित्यंतर पार पाडले. या टप्प्यात विमानाचे वजन झोतांवरून हळूहळू पंखांवर घ्यावे लागते आणि अधल्या-मधल्या काही सेकंदांत दोघांचाही पुरता भरवसा नसतो. १९६३ मध्ये तोल सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत बिघाड होऊन एक एससी-१ कोसळले आणि वैमानिक ठार झाला. प्रवासी विमानाच्या दृष्टीने हा इशारा गंभीर होता. नेहमीच्या विमानाचे इंजिन बंद पडले तरी ते तरंगत खाली येऊ शकते. झोतांवर उभे असलेले विमान मात्र तोल गेल्याच्या क्षणी विमान राहत नाही, नुसते वजन उरते.

याच्या मुळाशी असलेले गणित साधे आहे, पण सारा इतिहास त्यावरच फिरतो. नेहमीच्या प्रवासी जेटमध्ये इंजिनांचा एकूण रेटा विमानाच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा ते एक-तृतीयांश असतो. बाकीचे वजन पंख उचलतात, आणि पंखांना ती ताकद धावपट्टीवरच्या धावेतून मिळते. सरळ वर चढायचे तर रेटा वजनापेक्षा जास्तच हवा. उदाहरणादाखल ५० टनांचे विमान घेतले, तर नेहमीच्या पद्धतीत त्याला सुमारे १५ टन रेटा पुरतो. उभ्या उड्डाणासाठी किमान ५५ टन लागतो, आणि एखादे इंजिन बंद पडले तरी विमान खाली आदळू नये अशी सोय ठेवायची तर ६० टन. म्हणजे चौपट. हा जादा रेटा लागतो उड्डाणाच्या सुरुवातीला एक-दोन मिनिटे आणि शेवटी एक-दोन मिनिटे. मधल्या सगळ्या प्रवासात ती इंजिने बंद असतात. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिन जोडतात, तशीच ही योजना. फरक इतकाच की बोरघाटातले इंजिन लोणावळ्याला सोडून देता येते, विमानातली उचल-इंजिने मात्र मुक्कामापर्यंत सोबत न्यावी लागतात. त्यांच्या वजनाइतके प्रवासी आणि सामान कमी होते, त्यांनी व्यापलेल्या जागेत आसने बसत नाहीत, आणि त्यांची देखभाल तर रोजचीच.

म्हणून उचल-इंजिन जितके हलके तितके बरे, या दिशेने रोल्स-रॉइसने जोर लावला. ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून खर्च उचललेले आरबी-१६२ हे इंजिन आपल्या वजनाच्या सोळापट रेटा देई. त्याच्या संपीडकात धातूऐवजी काचतंतूंच्या संमिश्र पदार्थाचा वापर केला होता. थोडा वेळच चालायचे असल्याने टिकाऊपणाच्या अटी सैल ठेवता आल्या होत्या. यंत्र म्हणून ते खरोखर अप्रतिम होते.

दरम्यान दुसरी वाटही सापडली. फ्रेंच अभियंता मिशेल विबो यांच्या कल्पनेतून ब्रिस्टलच्या अभियंत्यांनी पेगासस हे इंजिन तयार केले. त्याचे चार झोत फिरत्या तोट्यांतून बाहेर पडतात. तोट्या खाली केल्या की विमान वर उचलले जाते, मागे वळवल्या की पुढे जाते. एकच इंजिन दोन्ही कामे करते, निकामी वजन वाहावे लागत नाही. हॉकरच्या पी-११२७ या विमानाने ऑक्टोबर १९६० मध्ये दोरांनी बांधलेल्या अवस्थेत जमीन सोडली आणि पुढच्याच महिन्यात ते मोकळे तरंगले. त्याचा वारस हॅरियर १९६९ मध्ये ब्रिटिश हवाई दलात दाखल झाला. लढाऊ विमानासाठी ही उत्तम युक्ती होती. प्रवासी विमानासाठी मात्र एकाच इंजिनावर शंभर जिवांचा भार टाकणे कुणालाच मान्य होण्यासारखे नव्हते. त्यामुळे नागरी आराखड्यांत अनेक लहान उचल-इंजिनांचाच मार्ग कायम राहिला.

या आराखड्यांच्या आधी ब्रिटनमध्ये आणखी एक प्रयत्न होऊन गेला होता. तो जेटचा नसला तरी त्याचा धडा महत्त्वाचा ठरला. फेअरी रोटोडाइन हे यंत्र अर्धे हेलिकॉप्टर, अर्धे विमान होते. चाळीसेक प्रवाशांच्या या यंत्राचे पहिले उड्डाण ६ नोव्हेंबर १९५७ रोजी झाले. जानेवारी १९५९ मध्ये त्याने १०० किलोमीटरच्या बंद मार्गावर ताशी ३०७ किलोमीटरचा वेग गाठला. चढताना आणि उतरताना त्याचा मोठा पंखा पात्यांच्या टोकांवरील लहान जेटांनी फिरे, आणि त्या जेटांचा आवाज शहराच्या मध्यभागी सहन होण्यापलीकडचा होता. आवाज कमी करण्याचे काम बरेच पुढे गेले होते. तरीही फेब्रुवारी १९६२ मध्ये प्रकल्प बंद झाला. शहरात उतरणाऱ्या विमानाचा खरा शत्रू आवाज आहे, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. तरी पुढची दहा वर्षे ही गोष्ट सोडवता येण्याजोगा तांत्रिक तपशील मानली गेली, आणि या इतिहासातली सर्वांत महागडी चूक बहुधा हीच.

जर्मनीत डॉर्नियर कंपनीने लष्करी मालवाहतुकीसाठी डीओ-३१ बांधले. जगात आजवर उडालेले उभ्या उड्डाणाचे हे एकमेव जेट वाहतूक विमान. वजन सुमारे २७ टन. पंखांखाली दोन पेगासस इंजिने आणि पंखांच्या दोन्ही टोकांना लांबट कोष. प्रत्येक कोषात चार याप्रमाणे आठ आरबी-१६२ उचल-इंजिने. म्हणजे ब्रिटनमध्ये विकसित झालेल्या दोन्ही वाटा या एकाच विमानात एकत्र आल्या होत्या. १० फेब्रुवारी १९६७ रोजी ओबरपफाफेनहोफेन येथे त्याचे पहिले, नेहमीच्या पद्धतीचे उड्डाण झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या नमुना विमानाने सरळ वर झेप घेतली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही दिशांची स्थित्यंतरे यशस्वी केली. १९६९ मध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनापर्यंत ते स्वतः उडत गेले. तंत्र म्हणून ते चालत होते, यात शंका नाही. पण दहा जेट इंजिनांच्या जोरावर हे विमान काय आणि किती वाहून नेणार, हा प्रश्न नाटोच्या हिशेबनिसांना सुटला नाही. कंपनीचे संस्थापक क्लॉड डॉर्नियर डिसेंबर १९६९ मध्ये वारले. एप्रिल १९७० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मे महिन्यात हॅनोव्हरच्या प्रदर्शनात विमानाचे शेवटचे जाहीर उड्डाण झाले.

याच सुमारास नागरी आराखडे सर्वांत जास्त भरात होते. जर्मनीत डॉर्नियर, हॅम्बुर्गची एचएफबी आणि ब्रेमेनची व्हीएफडब्ल्यू अशा कंपन्या उभ्या उड्डाणाच्या प्रवासी विमानांवर काम करत होत्या. डॉर्नियरचे डीओ-२३१ शंभर प्रवाशांसाठी होते. डीओ-३१ मधील लहान जेटांच्या जागी त्यात बारा उचल-पंखे कल्पिले होते, काही पंखांवरील कोषांत आणि काही धडाच्या पुढच्या-मागच्या टोकांना. ब्रिटनमध्ये हॉकर सिडलीने १९७० मध्ये एचएस-१४१ मांडले. वरवर पाहता ते नेहमीसारखेच दुइंजिनी जेट दिसते. वेगळेपण धडाच्या दोन्ही कुशींत आहे. पंखांच्या मुळाशी, पुढून मागे जाणारा एकेक लांब फुगीर कप्पा आणि प्रत्येकात आठ, असे एकूण सोळा उचल-पंखे. उड्डाणाच्या वेळी कप्प्यांची वरची झाकणे उघडून हवा आत घ्यायची, खालची झाकणे उघडून झोत जमिनीकडे सोडायचा, आणि वेग आला की सगळी झाकणे मिटून कूस गुळगुळीत करायची. एवढे पंखे घेण्यामागे मोठी शहाणी गोष्ट होती : सोळांपैकी एखादा बंद पडला तर उचल थोडीच कमी होते, आणि समोरच्या बाजूचा पंखा मंदावून तोल राखता येतो.

दोन्ही आराखडे एकाच इंजिनावर विसंबून होते, रोल्स-रॉइसच्या आरबी-२०२ वर. हा रुंद, आखूड, आडव्या तबकासारखा बसणारा उचल-पंखा होता. अरुंद, प्रचंड वेगवान झोताऐवजी रुंद आणि सावकाश झोत सोडायचा, म्हणजे तोच रेटा कमी आवाजात आणि कमी इंधनात मिळतो, हे त्यामागचे तत्त्व, आणि ते अचूक आहे. आजची सगळी प्रवासी जेट इंजिने याच तत्त्वावर मोठ्या पंख्यांची झाली आहेत. पण आरबी-२०२ कधी कुठल्या विमानात बसून उडाले नाही. जर्मन आणि ब्रिटिश अशा दोन्ही विमानांचे भवितव्य कागदावरच्या एका इंजिनाला बांधलेले होते, आणि ४ फेब्रुवारी १९७१ रोजी रोल्स-रॉइसने दिवाळे जाहीर केले. आरबी-२११ या मोठ्या इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला होता. सरकारने कंपनी ताब्यात घेऊन वाचवली. ग्राहक नसलेल्या इंजिनासाठी त्यानंतर पैसा कुठून येणार होता?

बाकीची कारणे एकामागून एक येत गेली. मे १९६९ मध्ये फ्रान्स आणि जर्मनी यांनी एअरबसचा करार केला. हॉकर सिडली स्वतःच्या पैशाने तिच्या पंखांच्या कामात उतरली. युरोपातील विमान उद्योगाची बुद्धी आणि पैसा दोन्ही नेहमीसारख्या धावणाऱ्या, स्वस्तात अनेकांना नेणाऱ्या विमानाकडे वळले. पहिले ए-३०० ऑक्टोबर १९७२ मध्ये उडाले. ऑक्टोबर १९७३ नंतरच्या काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली, आणि जमिनीवरून उठण्यासाठीच चौपट रेटा लागणाऱ्या विमानाचा विषय बंद झाला. शहरमध्यावर उतरण्याच्या कल्पनेला शेवटचा धक्का न्यूयॉर्कमध्ये बसला. १६ मे १९७७ रोजी पॅन ॲम इमारतीच्या गच्चीवर उभ्या असलेल्या प्रवासी हेलिकॉप्टरचा पाय मोडला. फिरत्या पात्यांनी गच्चीवर चार आणि खाली रस्त्यावर एक असे पाच बळी घेतले. गच्चीवरची सेवा कायमची थांबली.

या सगळ्या खटाटोपातून जे उरले ते अनपेक्षित ठिकाणी. आरबी-१६२ प्रवासी सेवेत आले खरे, पण ट्रायडंट-३बी या नेहमीच्या ब्रिटिश विमानाच्या शेपटीत, धावपट्टीवर जादा जोर देण्यासाठी. उभ्या उड्डाणाचे इंजिन आडवे निजवून धावेच्या मदतीला लावावे लागले. हॅरियरची सागरी आवृत्ती भारतात आली. १९७२ मध्ये आयएनएस विक्रांतवर हॅरियरचे प्रात्यक्षिक झाले होते. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली सी हॅरियर गोव्यात दाबोळीला उतरली आणि ३०० क्रमांकाच्या ‘व्हाइट टायगर्स’ तुकडीत ११ मे २०१६ पर्यंत राहिली. दाबोळीचा तळ नौदलाचा आणि तीच धावपट्टी नागरी विमानांचीही. त्यामुळे मुंबईहून आलेल्या प्रवाशांना खिडकीतून जागच्या जागी तरंगणारे जेट दिसण्याचा योग येई, आणि त्यांचे स्वतःचे विमान तीन किलोमीटरहून लांब पट्टी वापरत असे. सी हॅरियरदेखील पूर्ण भाराने सरळ वर उठत नसे. आयएनएस विराट या विमानवाहू नौकेवरून ती छोटी धाव घेऊन टोकाच्या चढत्या उंचवट्यावरून झेप घेई आणि इंधन-शस्त्रे कमी झाल्यावर, हलकी होऊन, सरळ उतरे. सरळ वर उठण्याची किंमत नौदलालाही परवडत नव्हती. एक सी हॅरियर आज बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात पाहता येते. दोन्ही डीओ-३१ जर्मनीत जपलेली आहेत, एक फ्रीडरिक्सहाफेनला आणि दुसरे म्युनिकजवळ श्लाइसहाइमला.

ज्या कंपन्यांनी हे आराखडे काढले, त्यांनीच भारताच्या लहान धावपट्ट्यांचा प्रश्न दुसऱ्या मार्गाने सोडवला होता. हॉकर सिडली समूहातील ॲव्ह्रोचे ७४८ हे विमान मुद्दाम आखूड आणि कच्च्या पट्ट्यांसाठी आखलेले, टर्बोप्रॉप इंजिनांचे. भारताने ते कानपूरमध्ये बांधायचे ठरवले. पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले आणि त्याला हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ ‘सुब्रतो’ हे नाव देण्यात आले. पुढे अशी ८९ विमाने तयार झाली. त्यांतली काही इंडियन एअरलाइन्सकडे आली, बहुतेक हवाई दलाकडे. डॉर्नियरने डीओ-२३१ बाजूला ठेवल्यावर नव्या आकाराच्या पंखावर लक्ष दिले. त्यातून २२८ हे १९ आसनांचे विमान निघाले आणि १९८१ मध्ये उडाले. सुमारे ८०० मीटरच्या पट्टीवरून ते उडू शकते. याचाही परवाना कानपूरने घेतला, आणि १९८६ पासून तिथे बनलेली विमाने वायुदूतला मिळू लागली. वायुदूत ही एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी जानेवारी १९८१ मध्ये स्थापलेली कंपनी. आधी ईशान्य भारतासाठी काढलेली, नंतर देशभरातील छोट्या शहरांना जोडू लागली. महाराष्ट्राला तिची आठवण आहे ती एका दुर्घटनेमुळेही. सप्टेंबर १९८९ मध्ये पुण्याहून हैदराबादला निघालेले तिचे डॉर्नियर उजनीच्या जलाशयात कोसळले.

तंजावूर या जाळ्यात आले. व्यंकोजी भोसल्यांनी १६७० च्या दशकात इथे राज्य स्थापले आणि ते १८५५ पर्यंत टिकले, म्हणून मराठी वाचकाला हे शहर सरस्वती महाल ग्रंथालयासाठी आणि दुसऱ्या सरफोजींसाठी ओळखीचे आहे. वाहतुकीच्या दृष्टीने मात्र त्याची कथा मागे पडत जाण्याची आहे. नागपट्टिणम बंदरातून आत येणारी रेल्वे १८६१–६२ मध्येच इथे पोचली, आणि मद्रासहून दक्षिणेकडे जाणारा मुख्य मार्ग पुढे कुंभकोणम–तंजावूर असाच झाला. १९२० च्या दशकाअखेरीस विळुप्पुरम ते तिरुचिरापल्ली असा सरळ, जवळचा लोहमार्ग सुरू झाला. दूरच्या वेगवान गाड्या तिकडे वळल्या आणि तंजावूर लांबच्या वाटेवर राहिले.

धावपट्टीची मात्र या शहराला कधीच कमतरता नव्हती. कावेरीच्या कालव्यांखालची सखल भातखाचरे संपून शहराच्या दक्षिणेला उंचवट्याची कोरडी जमीन सुरू होते. तिथे १९४० च्या सुमारास ब्रिटिशांनी हवाई तळ बांधला. ऑक्टोबर १९४२ मध्ये शाही हवाई दलाची ३६ क्रमांकाची तुकडी इथे नव्याने उभी राहिली. त्याच वर्षी जावामध्ये जपान्यांपुढे ती जवळजवळ नष्ट झाली होती. वेलिंग्टन बाँबफेकी विमाने घेऊन ती बंगालच्या उपसागरात पाणबुड्यांवर पाळत ठेवी. १९४३ च्या मध्यात ती उत्तर आफ्रिकेला गेली. जड, दुइंजिनी बाँबफेकी विमानांना पुरेल एवढी पट्टी युद्धाने तंजावूरला दिली, आणि शांततेच्या काळात तिच्यावरून नियमित प्रवासी उडण्यासाठी जवळजवळ अर्धशतक जावे लागले.

१९९० च्या सुमारास वायुदूतने तंजावूर ते मद्रास अशी सेवा चालवली. अंतर लोहमार्गाने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एचएस-१४१ आणि डीओ-२३१ ज्या कमी अंतराच्या प्रवासासाठी आखली होती त्यातलेच. धावपट्टी होती, अंतर योग्य होते, आणि अशा मार्गांसाठीच घेतलेली छोटी विमाने वायुदूतकडे होती. सेवा बंद पडली ती प्रवासी पुरेसे न मिळाल्याने. रात्री गाडीत बसून सकाळी मद्रासला उतरण्याची सवय जुनी आणि स्वस्त होती. तिरुचिरापल्लीचा विमानतळ साठेक किलोमीटरवरच होता. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

उभ्या उड्डाणाच्या आराखड्यांचे मूल्यमापन करताना ही छोटी सेवा महत्त्वाची आहे. शहर आणि विमान यांच्यातला खरा अडथळा धावपट्टी हाच आहे, या विश्वासावर ते सगळे आराखडे उभे होते. तंजावूरला तो अडथळा नव्हता. तरीही लहान विमानांची साधी सेवा टिकली नाही. मग शंभर आसनांचे आणि चौपट रेट्याचे जेट त्याच मार्गावर कसे टिकले असते? लंडन-पॅरिससारख्या गजबजलेल्या मार्गावर प्रवासी होते, पण तिथे आवाज आड आला. आवाजाची तक्रार करायला कुणी नसलेल्या तंजावूरच्या माळावर तिकीट परवडणारे प्रवासी नव्हते. आराखड्यांचे कर्ते अत्यंत कुशल होते आणि त्यांची यंत्रे उडालीही असती. पण ज्या ठिकाणी सरळ वर उठण्याची गरज, पैसा आणि मोकळे आकाश तिन्ही एकत्र आहेत असे शहर त्यांना सापडले नाही.

अलीकडे विजेच्या जोरावर ही कल्पना पुन्हा उभी राहिली आहे. डीओ-३१ जिथे उडाले त्याच ओबरपफाफेनहोफेनच्या तळावरून काम करणाऱ्या, २०१५ साली स्थापन झालेल्या लिलियम कंपनीने अनेक लहान विजेच्या पंख्यांचे विमान आखले. २०१९ मध्ये त्याचा पाच आसनी नमुना वैमानिकाविना अधांतरी उचलला गेला. पण विक्रीसाठीचे विमान उडण्याआधीच ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. बॅटरीच्या वजनाने जुने गणित नव्या रूपात समोर आणले आहे. चेन्नईत मद्रास आयआयटीतून निघालेली ईप्लेन ही कंपनीही विजेवर उभे उडणारे छोटे विमान विकसित करत आहे. तिचा भर शहरांतर्गत कमी अंतरावर आहे, तंजावूरसारख्या लांबच्या फेरीवर नाही.

तंजावूरचा तळ भारतीय हवाई दलाने वाढवला. २७ मे २०१३ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, आणि २० जानेवारी २०२० रोजी ब्रह्मोस क्षेपणास्त्र वाहू शकणाऱ्या सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची ‘टायगरशार्क्स’ तुकडी तिथे दाखल झाली. हिंदी महासागरावर नजर ठेवणे हे तिचे काम. केंद्राच्या उडान योजनेत या तळावर नागरी विभाग उभारण्याचा प्रस्ताव आला आहे. शहरातून चेन्नईला विमानाने जाणारे प्रवासी सध्या तिरुचिरापल्लीला जातात.